मोरीत ओतलेला रविवार

मी एकदा एक खोटं बोलले. सात महिने ते माझ्या पदराखाली सुखानं नांदलं, आणि आठव्या महिन्यात पांढराशुभ्र, नारळाएवढा गोळा होऊन गटारातून वर आलं. सगळ्या चाळीसमोर. मी तेव्हा गरोदर, तोंडात मिसरी, एका हातात तांब्या. त्या गोळ्याकडे मी असं बघितलं, जणू या वस्तूचा आणि माझा सात जन्मांत संबंध नाही.

तो गोळा डुकराच्या चरबीचा होता. आणि खोटं असं होतं, की आमच्या घरी कुणी मटणमच्छीला शिवत नाही.

हे वाचून माझी नात म्हणाली, "आजी, लिही, पण 'डुक्कर' नको लिहूस. 'पोर्क' लिही. बरं दिसतं."

ती आहारशास्त्र शिकते. हुशार आहे. पण बरं दिसण्याच्या नादात तिच्या आजीनं काय काय केलं, ते तिला अजून पुरतं ठाऊक नाही. मी तिला म्हटलं, "बाई, बकऱ्याला बकरा म्हणतो, कोंबडीला कोंबडी, मग डुकरानंच काय घोडं मारलंय? पोर्क हॉटेलात मिळतं. आमच्या घरी डुकराचं मटण शिजतं." तर डुक्करच लिहिणार. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्या, पुढं वेळ मिळणार नाही.

लग्न होऊन मी भिवंडीत आले तेव्हा आम्हाला खोली हवी होती. नवरा वायरमन, लूमच्या कारखान्यांतून यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करायचा. सासू आमच्याबरोबर. माणसं तीन, सामान एका हातगाडीचं. पण दोन ठिकाणी आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर खोली अचानक मालकाच्या भाच्याला लागायला लागली. एका ठिकाणी तर मालकीणबाईंनी आडनावही विचारलं नाही. "खाता काय तुम्ही?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लोटलं.

तिसरी खोली कामतघरला. सहा खोल्यांची बैठी चाळ, शेजारी लूमची शेड, तिचा खडखडाट दिवसरात्र. मालकीण कोकणी मुसलमान, घरच्या चार लूम, वयानं माझ्या सासूएवढी. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. खालानं मला दोनच प्रश्न विचारले. माणसं किती, आणि नळाला पाणी आल्यावर भांडणार तर नाहीस?

बस्स. एवढंच. आडनाव नाही, खाणं नाही.

पण मी कसली शहाणी! दोनदा तोंड पोळलेलं. मनातल्या मनात उत्तर पाठ करून गेले होते, ते वाया कसं घालवायचं? मी आपण होऊन, मान जरा तिरकी करून सांगितलं, "आणि खाला, आम्ही अगदी शाकाहारी हां. अंडंसुद्धा नाही."

खालानं माझ्याकडे जरा बघितलं. तिच्या मागच्या अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. तिच्या चुलीवर काय रटरटत होतं ते वासानंच कळत होतं. ती म्हणाली, "बरं गो," आणि किल्ली दिली.

आता मला कुणी सांगावं, मांसाहार करणाऱ्या घरात खोली मिळवायला शाकाहारी असल्याची थाप मारायची गरज काय? नव्हतीच. पण तेव्हाच्या त्या मुलीला, म्हणजे मला, वाटायचं, घासफूस खाल्लं की माणूस एक पायरी वर चढतो. त्या मुलीला आज भेटले तर कान धरून उभी करीन. मग मांडीवर घेऊन भरवीन, कारण ती वाळून काटकी झाली होती.

घरी येऊन सासूला सांगितलं. तिनं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

"अंडंसुद्धा न्हाय?"

"नाही."

"आनी सुकट?"

"सुकट कशी चालेल, आत्या?"

"मग मी काय खायचं? उदबत्तीचा धूर?"

सासू शहापूरकडची, गावची. बोलली की तोंडात हाय-न्हाय. आमच्या लग्नात तिनं नवबौद्ध पद्धतीनं सगळं केलं होतं, रोज सकाळी तसबिरीपुढं पंचशील म्हणायची आणि मलाही म्हणायला लावायची. खोली घेतल्यापासून रोज सकाळी चौथं शील आलं की ती एक डोळा उघडून माझ्याकडे बघायची. खोटं बोलणार नाही, असं ते शील. एकदा म्हणालीच, "चौथ्याला तुझा आवाज बारीक होतो बघ."

पण रविवार कुणाच्या थापेसाठी थांबत नाही. नवरा रविवारी सायकल काढायचा. खाडीच्या बाजूला एक वस्ती होती, तिथं एक जण डुकरं पाळायचा. सकाळी पेंढ्याच्या जाळावर डुक्कर भाजून, केस जाळून, कातडी घासून पिवळीधमक करायचे. मग वाटे. मांडीचा वाटा, बरगड्यांचा, खांद्याचा, पोटाकडचा थराथराचा. सागाच्या पानात बांधून द्यायचा. नवरा ते पिशवीत तळाला घालायचा आणि वर दोन मेथीच्या जुड्या.

शेजारची एकदा म्हणाली, "तुमच्याकडे दर रविवारी मेथीच?"

"ह्यांना फार आवडते," मी म्हटलं. ह्यांनी आयुष्यात मेथीला हात लावला नव्हता. पण भाजी आणली म्हणजे ती संपवायची कुणी? मी. डुकरापायी मी वर्षभराची मेथी खाल्ली.

मग खिडकी बंद. दार बंद. तसबिरीपुढं एकदम चार उदबत्त्या. सासू म्हणायची, "अगं, भगवंताला खोकला येल." कुकरची शिट्टी वाजू लागली की मी चिमट्यानं उचलून धरायची, कारण शाकाहारी घरात सात शिट्ट्या कशाच्या? कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं: छोले. लूमचा खडखडाट एवढा, की शिट्टी काय, तोफ डागली असती तरी ऐकू आली नसती. पण चोराला आपल्या पावलांचाच आवाज मोठा.

आणि आता माझ्या स्वयंपाकातला मूर्खपणा. माहेरी डुक्कर शिजायचं ते आजीच्या हातचं, मला ढवळायलासुद्धा द्यायचे नाहीत. मी आपली कोंबडी करतात तसं केलं. पळीभर तेल, वर अजून अर्धी पळी, कांदा, मसाला, आणि पोटाकडचे चरबीचे तुकडे त्यात. शिजल्यावर झाकण काढलं तर वर बोटभर तेल. मटण त्यात बुडालेलं, म्हशी तळ्यात बसतात तसं.

सासू कपाळाला हात लावून बसली. "डुकराला तेल? अगं, त्याला तेल दाखवायचंसुदिक न्हाय. ते आपलं तेल घेऊनच येतं."

तिची रीत अशी, आणि ती आज मी इथं उघड्यावर लिहून ठेवते. चरबीचे तुकडे आधी, कोरड्या टोपात, मंद आचेवर. पाण्याचा एक हबका. हळूहळू चरबी सुटते, तुकडे आक्रसतात, कडा सोनेरी होतात. मग त्यातलं निम्मं तूप (ती त्याला तूपच म्हणायची) बरणीत गाळून घ्यायचं. उरलेल्यात ठेचलेला लसूण, आलं, कांदा. हळद, मीठ, घरचा मसाला. मग कातडीचे आणि बरगडीचे तुकडे, कारण त्यांना वेळ लागतो. मांडीचं मऊ मटण शेवटी. ते आधी टाकलं तर चामडं होतं आणि लोक डुकराला नावं ठेवतात. शेवटी चिंचेचा कोळ, कारण चरबीला आंबट लागतं. तोंडाला चिकटलेलं सुटतं आणि दुसरी भाकरी मागता येते. तांदळाची भाकरी. दुसरी कुठली चालते, पण मग माझ्याकडे येऊ नका.

आणि शिजलं का, ते बघायचं. बरगडीजवळचा जाड तुकडा फोडायचा, आत गुलाबी दिसला तर परत चुलीवर. यात सासू कुणाचं ऐकायची नाही. नवरा भुकेनं कळवळला तरी "थांब, पोटात जंत पाळायचेत का?" म्हणायची. मटण कापलेली विळी कढत पाण्यानं धुतल्याशिवाय तिच्यावर कांदा नाही. नात आज वर्गात जे लिहून घेते, ते त्या अंगठेबहाद्दर बाईच्या हातात होतं. फरक इतकाच की नातीला त्याचे मार्क मिळतात.

नात सांगते ते ऐका, कारण ते खरं आहे आणि फुकट आहे. डुकराच्या मांडीचं, पाठीच्या कण्यालगतचं मांस चरबीनं कमी आणि प्रथिनांनी भरलेलं. बी-वन नावाचं जीवनसत्त्व, खाल्लेल्या अन्नाची ताकद करायला लागणारं, ते कोंबडी-बोकडापेक्षा डुकरात जास्त. बी-बारा आहे, जस्त आहे. सासू एवढंच म्हणायची, "शिफ्टवाल्याच्या पायात गोळे येत न्हाईत." दोघी एकच सांगत असाव्यात, नक्की मला माहीत नाही. लोह मात्र बोकडात जास्त असतं, डुकरात त्याहून कमी. हे मी लपवणार नाही. खोटं एकदा बोलून झालंय, हौस फिटली. पोटाकडचं चरबीचं मटण रोज खाऊ नये, बीपीवाल्यानं तर जपूनच. मी बीपीवाली आहे, म्हणून मांडीचं खाते आणि बरगडी नुसती चोखते. कधीकधी चोखता चोखता जरा चावली जाते.

असो. चाळीत जाऊ.

सासू चरबी बरणीत भरून ठेवायची. हिवाळ्यात ती लोण्यासारखी गोठायची. भाजीला चमचाभर, भेगाळलेल्या टाचांना बोटभर. पण शाकाहारी घरात फडताळावर डुकराच्या चरबीची बरणी? मी ती उचलली. सासू गावाला गेलेली बघून, गरम करून, पातळ झाल्यावर मोरीत ओतली. वर तांब्याभर पाणी. आणि मग दर रविवारी, ती जरा आडवी झाली की, तेच. सासूला सांगायची, "आत्या, बरणी फुटली." दुसरी आणली की तीही फुटायची. त्या वर्षी आमच्या घरात जेवढ्या बरण्या फुटल्या, तेवढ्या दंगलीत फुटल्या नसतील.

पावसाळ्यात काही झालं नाही. चाळीच्या मागून एकच गटार, सहाही मोऱ्या त्यात, आणि शेवटी ते खालाच्या अंगणाच्या कडेनं बाहेर. पावसाचं पाणी धो धो, सगळं वाहून न्यायचं. मला वाटलं, चरबी ओतली की संपली.

खाला मात्र माझ्यासाठी वेगळंच काहीतरी करत होती.

तिला माझी दया आली होती. पोटुशी पोर, आणि खाते काय, तर मेथी! एकदा मला चक्कर आली, तेव्हा तीच मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. नर्सनं रक्त तपासलं, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, म्हणाली, "रक्त कमी आहे. गोळ्या देते. मटण, अंडी, काही खाता का?"

शेजारी खाला उभी. मी म्हटलं, "नाही."

"कलेजी? अधूनमधून एखादा तुकडा?"

"नाही ताई. आमच्यात चालत नाही."

नर्सनं माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे बघितलं. "पोटातल्याला विचारलंत का, चालतं का ते?"

आदल्याच दिवशी सासूनं मला डुकराच्या कलेजीचा बोटाएवढा तुकडा खाऊ घातला होता. बोटाएवढाच. (आता नात म्हणते, गरोदर बाईनं तेवढीही जपूनच, डॉक्टरला विचारून. म्हणजे सासूचं माप चुकीचं नव्हतं.) पण त्या दवाखान्यात मी अशी उभी होते, जणू जन्मतः दुधीभोपळा.

त्या दिवसापासून खालाच्या घरून वाटी यायला लागली. मसूरची डाळ. बटाट्याचा पुलाव. शेवयांची खीर, वर खजूर. वेगळ्या पातेल्यातली. तिची सून वाटी देताना सांगायची, "अम्मीनं चमचापण वेगळा ठेवलाय. गोश्तचा हात लागलेला न्हाय, बिनधास्त खा." बकरी ईदला तर खालानं सगळ्या चाळीला बजावलं, माझ्या दारावरून गोश्तची ताटं नेऊ नका, पोरीला मळमळेल.

आणि मी ती वाटी घ्यायची. हसून घ्यायची. आत येऊन सासूपुढं ठेवायची.

सासू खीर खायची आणि बोलायची. "त्या बाईचे हात दुखत असतील पातेली घासून. चोरून खाल्लेलं अंगी लागत न्हाय, सूनबाई. तुझं रक्त का वाढंना, ते मला इचार."

मी विचारलं नाही. मला खोलीची काळजी. आठवा लागला होता. खोटं उघडं पडलं, खोली गेली, तर बाळंत कुठं व्हायचं? शहापूरला? तिथल्या घराचं निम्मं छप्पर गेलेलं. खरं सांगायचं माझ्या मनात दहादा आलं, आणि दहादा मी पोटावर हात ठेवून गप्प बसले. भित्र्या माणसाला गप्प बसायला पोटासारखं कारण नाही.

मग पौष आला. गटाराला पाणी कमी, सकाळी गारठा.

त्या सकाळी नवरा कामावर गेलेला, खाला अंगणात भांडी घासत होती आणि गटारातलं पाणी उलटं चढून तिच्या घासलेल्या भांड्यांत शिरलं. ती जी ओरडली, ती लूमच्या वरताण. सगळी चाळ मागं जमली. कुणीतरी बांबूची कामटी आणली. गटारात घातली, फिरवली, ओढली.

आणि तो आला. पांढरा, गुळगुळीत, चार रविवार पोटात घेतलेला.

"साबण हाय का?"

"मेणबत्ती पिघळली असेल."

"अरे, ये तो सायझिंग का माल है!"

हे ज्यानं म्हटलं त्यानं घात केला. पहिल्या खोलीत एक चाचा राहायचे, बनारसकडचे, सायझिंगला कामाला. लूमवर चढवायच्या सुताला तिथं खळ देतात, कांजीत चरबी घालून, म्हणजे धागा तुटत नाही. आता सगळ्यांच्या माना चाचांकडे. चाचा दारात, त्यांच्या मागं बायको आणि तीन पोरं.

खाला म्हणाली, "कितनी बार बोला, कारखान्याचा कचरा घरी आणू नको!"

"खाला, कसम से, मैं तो हाथ भी वहीं धो के आता हूँ।"

"मग हे काय उडून आलं? माझी भांडी खराब केलीस. आजच खोली खाली कर."

चाचांनी हात जोडले. त्यांच्या बायकोनं धाकट्याला आत ओढलं.

आता मी इथं लिहू शकते, की मी ताबडतोब पुढं झाले. कोण तपासायला येणार आहे? सगळे गेले. पण झाले नाही. तोंडात मिसरी धरून उभी राहिले. मनात हिशेब चालला होता: चाचा पुरुष माणूस, त्यांना दुसरी खोली मिळेल. मी आठ महिन्यांची. चाचांना त्यांच्या गावची माणसं आहेत. मला कोण आहे? एवढं सगळं सुचलं. एका चुळीला लागतो तेवढ्या वेळात माणूस किती वकिली करतो!

सासू माझ्या शेजारी होती. मला वाटलं ती बोलेल, निदान कोपरानं ढोसेल.   तिनं फक्त सकाळी पंचशील म्हणताना बघायची तसं, एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं.

मी चूळ थुंकले.

"खाला, चाचांचं नाही ते. आमचं आहे."

"तुझं?"

"डुकराची चरबी आहे. मी ओतली. दर रविवारी."

 कामटी धरणाऱ्यानं ती अशी टाकली, जणू तिनं डंख मारला, आणि नळाकडे पळाला. कोपरापर्यंत हात धुतले त्यानं, तीनदा. मेथीवाली शेजारीण म्हणाली, "म्हणजे मेथी..." चाचांनी "तौबा" म्हटलं. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघून मान थोडी हलवली, ती तौबाची नव्हती.

खालानं नाकाला पदर लावला. घरात गेली. तिच्यामागं तिच्या सुनेनं दार लावून घेतलं.

गटार मग आम्ही दोघींनी साफ केलं. दुसरं कोण हात लावणार, आणि का लावावा? मी स्टोव्हवर हंड्यानं पाणी तापवायची, सासू ओतायची. सोडा टाकला, राख टाकली. आमच्या मोरीपासून खालाच्या अंगणाच्या टोकापर्यंत. ओणवं होता येत नव्हतं मला, तर मी फतकल मारून बसून खरवडलं. खालाची भांडीही उचलली होती, तर आतून सुनेचा आवाज आला, "ती राहू दे." ती तिनं नंतर भंगारात दिली, मी बघितलं. त्यात मसूरच्या डाळीचं माझं पातेलं होतं.

सासू पाणी ओतता ओतता म्हणाली, "म्हंजे बरण्या फुटल्या न्हाईत तर."

"नाही."

"एवढ्या बरण्या चरबी." तिला खोलीपेक्षा त्याचंच वाईट वाटत होतं. मग थोड्या वेळानं म्हणाली, "मांडीचं उरलंय कालचं. आज खिडकी उघडून गरम करू. जायचंच तर पोटभर खाऊन जाऊ."

आणि केलं तिनं. खिडकी सताड उघडली. सकाळी दहा वाजता, लोक येताजाता बघत असताना, आम्ही दोघी दारात बसून तांदळाची भाकरी आणि डुकराचं मटण खाल्लं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मेथी नव्हती.

ती खिडकी मी पुन्हा कधी लावली नाही, ती असो की पुढच्या घरांतली. आता बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहते, त्याच कामतघरला. मागं एकदा बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की रविवारी जिन्यात वास येतो, कृपया इतरांच्या भावनांचा विचार करावा. खाली हात जोडल्याचं चित्र. मुलगा म्हणाला, आई, सोडून दे. मी का सोडू? मी बोलून संदेश पाठवला: "खिडकी बंद करायची सोय तुमच्याही खिडकीला आहे. मोरी मात्र माझी स्वच्छ असते, कधीही येऊन बघा." त्यावर कुणीतरी हसल्याचं चित्र टाकलं आणि लगेच काढून घेतलं. ज्यानं काढलं, त्याच्याकडे मी दुसऱ्या दिवशी वाटी पाठवली. रिकामी आली. चाटूनपुसून.

चरबी मी अजून बरणीत भरते. कुणाच्याही गटारात एक थेंब जात नाही.

तर, त्या दिवशी दुपारी निरोप आला. खालाची सून दारात उभी राहून, उंबरा न ओलांडता म्हणाली, "अम्मी बुलाती है."

सासूनं तोवर भांडी चादरीत बांधायला घेतली होती. मी जाताना ती म्हणाली, "गयावया करू नको. सात महिने केलीस, पुरे." मी आधी चाचांच्या दारात गेले. त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "ठीक है बेटी, जाओ, खाला इंतजार करती होगी।" मग हातपाय धुऊन, लुगडं बदलून खालाकडे.

खाला पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. बस म्हणाली नाही. मी उभी. पोट पुढं, हात मागं.

"मी तुला विचारलं होतं, काय खातेस म्हणून?"

"नाही, खाला."

"तुझं नाव-गाव विचारलं होतं?"

"नाही."

"मग खोटं कुणासाठी बोललीस?"

मी म्हटलं, "आधी दोन ठिकाणी विचारलं होतं. तुमच्यापर्यंत येईतो उत्तर तोंडात बसलं होतं."

तिनं तांदळातला खडा काढला.  तो खिडकीतून बाहेर टाकला.

"गटार?"

"धुतलं. सोडा घालून. तुमच्या टोकापर्यंत."

"ते खायचं तर तुमच्या घरात. माझ्या पाण्यात न्हाय, माझ्या दाराशी न्हाय. परत न्हाय."

"परत नाही."

"चाचाला भेटलीस?"

"आत्ताच."

ती तांदूळ निवडत राहिली. आत चुलीवर काहीतरी उकळत होतं, मिऱ्याचा आणि गोश्तचा वास येत होता.  सासूनं बजावलं होतं ते विसरून मी विचारलंच, "खाला, खोली कधी सोडू?"

खालानं सूप बाजूला ठेवलं. सुनेला हाक मारून थाळी मागवली. थाळी माझ्यासमोर पाटावर आली, त्यात रस्सा, पाव आणि एक जाडजूड नळीचं हाड. मग ती जे म्हणाली ते जसंच्या तसं देते, कारण त्या वाक्यांत मी आजवर एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिलेला नाही:

"खोली कुठं पळते गो? पन इतके महिने मी तुझ्यासाठी येगळं पातेलं घासलं, येगळा चमचा ठेवला, माझ्याच घरात माझ्याच गोश्तला लपवलं. आता बस झालं. आजपासून तुझ्यासाठी या घरात घासफूस शिजणार न्हाय. बस खाली, आनी ती नळी आधी चोख."